दिवंगत सहाध्यायी

आपण सात वर्षांपूर्वी वारलो आहोत, हे डॉक्टर गोपाळकृष्ण टेंबे यांना एका रविवारी सकाळी, गालाला दाढीचा साबण लागलेला असताना कळलं. त्यांचा मुलगा पुष्कर बाथरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही ऑफिशियली गेलेले आहात." टेंबे आरशातूनच म्हणाले, "रविवार आहे. जरा उशिरा सांगितलं असतंस तरी चाललं असतं." पुष्कर हिंजवडीच्या एका कंपनीत होता. त्याच्या टीममध्ये वल्लरी नावाची मुलगी होती, आणि तिची आई, डॉक्टर भाग्यश्री, टेंब्यांच्याच वर्गातली निघाली होती. वल्लरीनं घरी सहज पुष्करचं आडनाव घेतलं, नारायण पेठ म्हणाली, वडील डॉक्टर आहेत म्हणाली, तेव्हा आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "असं कसं होईल? तो तर गेला." मग इंटरनेटवरचं वर्गाचं पान उघडलं गेलं. तेच पान पुष्करनं आता समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लावून ठेवलं होतं. टेंबे अर्धी दाढी करून, खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्यासमोर बसले. 'दिवंगत सहाध्यायी' अशा मथळ्याखाली काळ्या चौकटीतले चार फोटो होते आणि तिसऱ्या चौकटीत ते स्वतः होते. बारीक मिशी, रुंद कॉलर, वय तेवीस. खाली १९९९ हे साल. त्या साली सदाशिव पेठेतले एक वैद्य टेंबे वारले होते, पेपरात दोन ओळी आल्या होत्या, कुणीतरी त्या वाचून कुणालातरी कळवल्या होत्या. एवढाच घोटाळा. उल्का, टेंब्यांची बायको, चहा घेऊन आली, वाकून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "तरीच. सात वर्षं हा माणूस घरात बोलत का नाही, असं मला वाटायचंच." तिघंही हसले. टेंबे सगळ्यांत जास्त हसले, आणि हसता हसता गालावरचा साबण वाळून कातडी ओढली जातेय, तोंड पूर्ण उघडत नाहीये, हे त्यांच्या ध्यानात आलं.

गंमत दोन दिवस टिकली. दवाखान्यात येणाऱ्या दोन-चार जुन्या पेशंटांना त्यांनी स्वतःच ती सांगितली. तिसऱ्या दिवशी दुपारी, पेशंट नसताना, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना एकदम वाटलं की त्या लोकांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून पाळली असतील. पास झाल्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळे जमले होते, म्हणजे नक्कीच पाळली असतील. साठ-सत्तर माणसं खुर्च्या मागे सरकवून उठली असतील, कुणी खाकरलं असेल, कुणाच्या खिशात तो नवा मोबाइल वाजला असेल. त्या दोन मिनिटांत त्यांच्या मनात काय आलं असेल? माणूस मेल्यावर एक वाक्य उरतं, फार तर दोन. आपलं वाक्य कोणतं, हे टेंब्यांना ठाऊक होतं. म्हणून तर आलेल्या एकाही पत्राला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, एकाही लग्नाला गेले नव्हते, आणि कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात, गाडीनं रात्रभराच्या अंतरावर होतं, याचं त्यांना एकतीस वर्षं बरंच वाटत आलं होतं. दवाखान्यात ते प्रत्येक पेशंटला पूर्ण नाव विचारायचे. वीस वर्षं येणाऱ्यालाही, समोरच्या किराणा दुकानदारालाही. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. मग ते कागदावर लिहायचे, मग लिहिलेलं वाचून दाखवायचे. "कालचंच आहे डॉक्टर, रात्रीत बदललं नाही," असं एखादा म्हणायचा. ते मान हलवायचे आणि तरी वाचून दाखवायचे. स्वतः त्यांनी कुणाचं रक्त काढलं त्याला एकतीस वर्षं झाली होती. चिठ्ठी देऊन लॅबमध्ये पाठवायचे. लोक म्हणायचे, टेंबे डॉक्टर फार काळजी घेतात. आताशा तेही कमी झालं होतं. लोक थेट मोठ्या हॉस्पिटलांत जात, पॅकेजं घेत, आणि टेंब्यांकडे फक्त सर्दी आणि सर्टिफिकेटं उरली होती.

बाईचं नाव मालनबाई होतं. खाट अकरा. वय सव्वीस, नवरा हिंदुराव, बाजारात हमाली करायचा. इंटर्नशिपचं वर्ष, पंचाहत्तर साल, बाळंतिणींचा वॉर्ड, दुपारचे तीन. टेंबे आणि दिग्विजय सूर्यवंशी हे दोघे आदल्या दिवसापासून ड्यूटीवर होते. दिग्विजय त्यांचा खोलीतला सोबती, लातूरकडचा, सहा फुटी, हसला की वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जायचं. अकरा आणि बारा, शेजारशेजारच्या दोन बायका, दोघींचंही रक्त फार गेलेलं, दोघींनाही रक्त चढवायचं ठरलं. गट जुळवून पाहण्यासाठी दोघींच्या हातातून थोडं थोडं रक्त काढून दोन नळ्यांत भरायचं, नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि रक्तपेढीत पाठवायचं. पाच मिनिटांचं काम. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मालनबाईला पलीकडच्या बाईसाठी जुळवलेलं रक्त लागलं. पंधरा मिनिटांत ती थडथड उडायला लागली, कंबर धरून ओरडायला लागली. बाटली काढली, बारा नंबरची लावायची थांबवली, पण तोवर जायचं तेवढं आत गेलं होतं. संध्याकाळी लघवी उतरली ती कोऱ्या चहासारखी, आणि मग उतरायचीच थांबली. तिसऱ्या दिवशी ती गेली. सरांच्या खोलीत चौकशी झाली. सरांनी फॉर्म पुढे सरकवला. "सही कुणाची?" "माझी." एवढंच. आरडाओरडा झाला नाही, कुणी हात उगारला नाही. इंटर्नशिप तीन महिने वाढली, सर्जरीची जी जागा टेंब्यांना मिळेल असं सगळे धरून चालले होते ती दिग्विजयला मिळाली, आणि टेंबे पुण्याला परत आले. वडिलांनी काही विचारलं नाही. नारायण पेठेत एक गाळा मिळाला. उल्काशी लग्न झालं तेव्हा, सांगायचं तर आताच, असं त्यांना एकदा वाटलं होतं, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली होती.

भाग्यश्रीचा फोन गुरुवारी आला. फोनवर आधी काहीच ऐकू येईना. मग कुणीतरी रडतंय हे कळलं. टेंब्यांना आपण तिला काय म्हणायचो, अगं की अहो, हेच आठवेना. "रविवारी घरी ये," ती म्हणाली. "येत्या महिन्यात सगळे पुन्हा जमतोय. त्याआधी मला तुला बघायचंय." टेंबे बसनं कोथरूडला गेले. पूर्वी शेतं होती तिथे सोसायट्यांच्या ओळी लागल्या होत्या, प्रत्येक फाटकावर पाहुण्यांच्या नावाची वही, आणि वॉचमननं पुढे केलेल्या वहीत स्वतःचं नाव लिहिताना, आपण हे कुणाचं नाव लिहितोय, असं त्यांना क्षणभर वाटलं. भाग्यश्री बालरोगतज्ज्ञ होती, आता केस पूर्ण पांढरे, चष्म्याला दोरी. तिनं दार उघडलं आणि त्यांच्या मनगटाला हात लावला, अगदी नाडी पाहिल्यासारखा. "आहे," टेंबे म्हणाले. ती हसली आणि चष्मा काढून पुसायला लागली. चहा झाला, कोण अमेरिकेत, कोण इथे, कुणाचं बायपास, ते झालं. मग ती म्हणाली, "एक गोष्ट तुला आधी कळायला हवी. तिथे जमल्यावर कुणीतरी काढेलच. नव्व्याण्णव साली तुझ्यासाठी उभं राहिलो ना आम्ही, त्यानंतर दिग्विजय बोलायला उठला."

"काय बोलला?"

"म्हणाला, त्या रक्ताच्या प्रकरणात चूक माझी होती. नळ्या माझ्या हातात होत्या, चिठ्ठ्या मी लावल्या. गोपाळनं मला विचारलं, बरोबर आहेत ना, आणि मी न बघताच हो म्हणालो. सही त्याची होती म्हणून तो अडकला, आणि मी गप्प राहिलो. आता तो नाही, तेव्हा निदान तुम्हाला तरी कळू दे." भाग्यश्रीनं कपातला चमचा काढून बशीत ठेवला. "तो रडला रे. सहा फुटी माणूस. आम्ही सगळेच रडलो. तुला शोधून हे सांगायचं राहून गेलं, याचंच सगळ्यांना वाईट वाटत होतं."

टेंबे खिडकीतून खाली पार्किंगमधल्या दुचाक्या बघत राहिले. काहीतरी व्हायला हवं होतं, छातीत, डोळ्यांत. तसलं काही झालं नाही. पुढे आठवडाभर मात्र एक विलक्षण गोष्ट होत गेली. तोपर्यंत त्यांना त्या दुपारचं जे आठवायचं ते असं होतं: चिठ्ठ्यांच्या मागच्या डिंकाची चव. त्या काळी चिठ्ठ्या जिभेनं ओल्या करून चिकटवत. ती गोडसर, तुरट चव एकतीस वर्षं त्यांच्या जिभेवर होती. पोस्टाचं पाकीट त्यांनी कधी जिभेनं चिकटवलं नव्हतं. आता बसमध्ये, जिना चढताना, पेशंटची छाती तपासताना त्यांना दिग्विजयचे हात दिसायला लागले. मोठी बोटं, उजव्या हातात चांदीची अंगठी, दोन नळ्या एकाच मुठीत धरलेल्या. आधी धूसर, मग स्पष्ट. शनिवारपर्यंत तर अंगठ्याच्या नखाखालची शाईही दिसायला लागली. आपण हात धुवायला मोरीकडे गेलो होतो, तेवढ्यात त्यानं चिठ्ठ्या लावल्या. परत आल्यावर आपण विचारलं, बरोबर आहेत ना? तो म्हणाला, हो रे. तो हो टेंब्यांना ऐकू आला. डिंकाची चव मग दुसऱ्या कुठल्यातरी दिवसाची असणार. वर्षभर चिठ्ठ्याच तर चिकटवत होतो. आणि हे पटत गेलं तसतसं त्यांना हलकं वाटण्याऐवजी भीती वाटायला लागली. बाई आपण मारली नाही, तर मग हा दवाखाना कुणाचा? पेठेतला हा गाळा, ही नावं वाचून दाखवणं, पुष्करला डॉक्टर होऊ नकोस म्हणून पोटतिडकीनं सांगणं, उल्काशी न बोललेली वर्षं, हे सगळं एका भलत्याच माणसाचं आयुष्य होतं आणि ते आपण इमानदारीनं जगलो. एकदा जेवताना त्यांनी उल्काला विचारलं, "मी सर्जन झालो असतो तर कसा असतो?" उल्का म्हणाली, "असाच. फक्त घरी उशिरा आला असतात." पुष्कर फोनवर कुणाला तरी सोमवारच्या डेडलाइनबद्दल सांगत होता. टेंबे भात कालवत राहिले.

मेळाव्याला तीन दिवस होते तेव्हा ते दिग्विजयला भेटायला गेले. त्याचं हॉस्पिटल शहराच्या कडेला, नव्या रुंद रस्त्यावर होतं, सात मजली, दर्शनी भागाला काच. आत गारवा होता, हॉटेलसारखा वास होता, आणि काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सर, अपॉइंटमेंट?" टेंब्यांनी नाव सांगितलं. तिनं ते चुकीचं लिहिलं. त्यांनी ते सवयीनं सुधारून घेतलं. अर्ध्या तासानं आत बोलावलं. दिग्विजय टेबलामागून उठून समोर आला, अजून तसाच उंच, पण खांदे वाकलेले. त्यानं टेंब्यांना मिठी मारली आणि पाठीवर थोपटत राहिला, थोपटायचं कधी थांबवायचं हे न कळल्यासारखा.

"गोप्या, लेका, तुला मारून आम्ही मोकळे झालो की."

"ऐकलं," टेंबे म्हणाले. "भाग्यश्रीनं सगळं सांगितलं."

दिग्विजय परत खुर्चीत जाऊन बसला. त्यानं फोन उचलून, कुणाला आत पाठवू नका, म्हणून सांगितलं. मग बराच वेळ तो टेबलावरची काच अंगठ्यानं पुसत राहिला. अंगठी नव्हती. "बस की," तो म्हणाला. टेंबे बसले.

"मी तुझ्यावर रागवायला आलो नाही," टेंबे म्हणाले. हे वाक्य ते बसमध्ये ठरवून आले होते. "झालं ते झालं. फक्त तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं."

"काय ऐकायचं होतं?"

"चिठ्ठ्या तू लावल्यास ते."

दिग्विजयनं वर पाहिलं. त्याचे डोळे लालसर, थकलेले, सर्जनचे. "गोपाळ, मी ते खोटं बोललो होतो," तो म्हणाला.

बाहेर कुणालातरी माइकवरून बोलावलं जात होतं. टेंब्यांना ते नाव स्पष्ट ऐकू आलं आणि ते मनातल्या मनात त्याचं पूर्ण नाव लावायला लागले.

"तुझ्यासाठी उभे राहिलो होतो," दिग्विजय म्हणाला. "खाली बसलो. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, हाच ना तो, रक्त चुकवलेला? बस. चोवीस वर्षांनी, मेल्यावरसुद्धा, तुझं तेवढंच. माझ्याच्यानं ऐकवलं नाही. मी उठलो आणि म्हणालो, मी चुकवलं. ठरवून नाही. तोंडातून गेलं. मग गेलं तसं पुढे बोलत गेलो. मेलेल्या दोस्तासाठी माणूस एवढं करतो. तू जिवंत आहेस हे मला काय ठाऊक?"

"मग चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"तूच."

"तुला आठवतं?"

"मला तुझे हात आठवतात." दिग्विजयनं स्वतःचे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. "आता तू विचारतोस तर... तीस वर्षं झाली, गोपाळ. सहा वेळा सांगितलीय मी ती खोटी गोष्ट, लोक सांगायला लावतात. कधी कधी सांगताना मला वाटतं, असंच तर झालं नसेल? पण नाही. तुझेच हात आठवतात."

"मला तुझे आठवतात," टेंबे म्हणाले.

"कधीपासून?"

 भाग्यश्रीकडून ऐकल्यापासून, असं टेंब्यांना सांगता आलं असतं. समोरचा माणूस आता खोटं बोलतोय की तेव्हा बोलला होता, हे चेहऱ्यावरून ओळखायचा त्यांनी प्रयत्न केला. पण तो चेहरा एका दमलेल्या, पंचावन्न वर्षांच्या, पेशंटांच्या नातेवाइकांना रोज काहीतरी सांगणाऱ्या माणसाचा होता. तिथे तिसरं कुणी नव्हतं. सर वारले होते. नर्सचं नावही आठवत नव्हतं. दोनच साक्षीदार, आणि दोघांनाही दुसऱ्याचे हात दिसत होते.

"हे बघ," दिग्विजय म्हणाला, "तुला चालत असेल तर राहू दे तसंच. माझं काय बिघडलं त्यानं? उलट लोक मानायला लागले." तो हे सरळपणे, चांगुलपणानं म्हणाला, आणि टेंब्यांना पहिल्यांदाच राग आला. चूक कुणाची होती यापेक्षा वेगळाच राग. तोच गुन्हा या माणसानं एका संध्याकाळी हौसेनं अंगावर घेतला आणि तो त्याला शोभून दिसला. त्यांना मात्र तो एकतीस वर्षं पुरला होता. ते उठले. काचेच्या दारापाशी दिग्विजयनं विचारलं, "रविवारी येणार ना?" टेंबे म्हणाले, "आता जिवंत आहे म्हटल्यावर यायलाच पाहिजे."

मेळावा कोथरूडच्याच एका मंगल कार्यालयात होता. सकाळचे दहा. प्रत्येकाच्या छातीवर छापील नाव होतं, टेंब्यांचं छापलेलं नव्हतं, ते कुणीतरी जांभळ्या पेनानं लिहून दिलं. लोक त्यांच्याकडे येत होते, हात लावत होते, दंड दाबून पाहत होते. "दोन मिनिटं उभे होतो रे तुझ्यासाठी, आता परत कर," एकजण म्हणाला आणि आजूबाजूचे हसले. चेहऱ्यांच्या आतून जुने चेहरे हळूहळू वर येत होते, पाण्यात टाकलेल्या कागदावरची अक्षरं फुटावीत तसे काहींचे फुटतही होते. दिग्विजय पुढच्या रांगेत बसला होता. सूत्रसंचालन करणाऱ्यानं त्याचं नाव आदरानं घेतलं, मग टेंब्यांचं घेतलं, आणि म्हणाला, "असा योग कुणाच्या नशिबी येतो? ज्याची माफी मागायची राहिली तो माणूस परत आलाय. टेंबे, दोन शब्द."

टेंबे माइकपाशी गेले. त्यांनी काही ठरवलेलं नव्हतं. गप्प राहिलं तर सगळं आयतं पदरात पडत होतं. साठ माणसांनी त्यांना निर्दोष सोडलेलं होतं, आणि ज्यानं सोडवलं त्याचीही हरकत नव्हती. त्यांना जिभेवर पुन्हा डिंक लागला. तो खरा होता की नव्हता कुणास ठाऊक, पण हातांपेक्षा तो जुना होता. "दिग्विजयनं तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही," ते म्हणाले. "मी गेलो असं समजून त्यानं माझी चूक स्वतःवर घेतली. चिठ्ठ्या मीच लावल्या होत्या. निदान मला एकतीस वर्षं तसंच वाटत आलंय. त्या बाईचं नाव..."

टाळ्या सुरू झाल्या होत्या. आधी डावीकडून, मग सगळीकडून. टेंब्यांना वाटलं, आपलं नीट ऐकू गेलं नाही. ते माइकच्या जवळ गेले. "त्या बाईचं नाव मालनबाई होतं," ते म्हणाले. पण आता लोक उभेच राहिले होते. दोघी-तिघींनी डोळ्यांना रुमाल लावले होते. "याला म्हणतात मन!" सूत्रसंचालक दुसऱ्या माइकवरून म्हणाला. "अजूनही मित्राची चूक स्वतःवर घेतोय." टेंबे नाही म्हणून मान हलवत होते, आणि त्यांनी जितकी मान हलवली तितक्या टाळ्या वाढल्या. दिग्विजय उठून वर आला, त्यानं त्यांना मिठी मारली आणि कानाशी म्हणाला, "झालं समाधान?" त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

जेवणाची पानं मांडायला घेतली तेव्हा टेंबे बाजूच्या जिन्यानं खाली उतरले. कार्यालयाच्या मागच्या बाजूला मोकळी जागा होती. तिथे आचारी मोठी पातेली उपडी घालत होते. ऊन चांगलंच होतं. आपल्याला राग आलाय, लाज वाटतेय की नुसती भूक लागलीय, हे त्यांना ठरवता येईना. खरं सांगितलं होतं, आणि ते खरं आहे का हेही माहीत नव्हतं, आणि कुणी ते घेतलंही नव्हतं. मागून चपलांचा आवाज आला. भाग्यश्री होती.

"तू नाव घेतलंस ना वर," ती म्हणाली. "मालन. मला ते कधी आठवायचंच नाही. आम्ही तिला नुसतं अकरा नंबरची म्हणायचो."

"खाट अकरा होती."

"बाई नाही रे. मुलगी. तिची मुलगी."

टेंबे तिच्याकडे वळले.

"मी तेव्हा वर होते, नव्या बाळांकडे," भाग्यश्री म्हणाली. "आई गेल्यावर ती आमच्याकडेच राहिली, महिनाभर तरी. बाप यायचा, दारात उभा राहायचा आणि जायचा. मला रोज वाटायचं, गोपाळ येईल बघायला. खालच्याच मजल्यावर होतास तू." ती हे बोल लावून म्हणत नव्हती. जे होतं ते सांगत होती. उन्हामुळे तिनं डोळ्यांवर हात धरला होता.

बाळंतीण. टेंब्यांनी हा शब्द स्वतःच्या हातानं फॉर्मवर लिहिला होता. एकतीस वर्षं त्यांनी ती दुपार रोज उलगडून पाहिली होती. नळ्या, चिठ्ठ्या, डिंक, सही, सरांचा चष्मा, कोऱ्या चहासारखी लघवी. खाटेच्या पलीकडचा लोखंडी पाळणा त्यात कुठेच नव्हता. तो रिकामा होता की भरलेला, कुणी उचलून नेला, कधी नेला, हे त्यांना आठवत नव्हतं, कारण त्यांनी पाहिलंच नव्हतं. चिठ्ठ्या कुणीही लावल्या असोत. वर जाऊन एकदा पाहायला कुणाच्या सहीची गरज नव्हती. आणि त्या सगळ्या वर्षांत, स्वतःला इतकं कोसताना, मुलीचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. ती आता एकतीस वर्षांची असेल, कुठेतरी. किंवा नसेल. त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंत तापलेली होती.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

"लहानखुरी. पाच पौंडसुद्धा नव्हती. पण केस बघ, एवढे, कपाळावर यायचे." भाग्यश्रीनं स्वतःच्या कपाळावर बोट फिरवलं. "बाटलीला तोंड लावायची नाही. चमच्यानं पाजावं लागायचं, अर्धा-अर्धा तास. रडायची फार नाही, नुसती बघत राहायची. मग आजी आली गावाकडून, आईची आई. तिनं लुगड्यातच गुंडाळली. मला म्हणाली, बाई, तुम्ही पाजलंय तिला, तर नाव तुम्ही सांगा. मी तेवीस वर्षांची. मला काय सुचणार? मी म्हटलं, आईचंच ठेवा. तिनं ठेवलं की नाही, देव जाणे."

"कुठलं गाव?"

"नाही रे आठवत. विचारलं होतं की नाही, तेही आठवत नाही."

वरून माइकवर ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना बोलावत होते. एकेक नाव पुकारलं जात होतं. टेंब्यांचं नाव दोनदा पुकारलं गेलं, मग कुणीतरी माइकपासून लांब जाऊन जिन्यात हाक मारली, आणि भाग्यश्रीनं वर पाहिलं.

"थांब," टेंबे म्हणाले. "अजून काय आठवतं तिचं?"